चालत्या गणिताला हात लावताना

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी संगणकाच्या रांगेत माझ्या जॉबचा नंबर लागला आणि मी रात्रीची एसटी पकडून घरी गेले. पीएच.डी.चं तिसरं वर्ष होतं. मध्येच अरुंद होणाऱ्या एका नळीतून वायू वाहतो, तेव्हा त्या गळ्यापाशी त्याचा वेग आणि दाब कसा बदलत जातो, याचं सिम्युलेशन मी करत होते. 64 प्रोसेसर, 72 तासांची मुदत. त्यासाठी पाच दिवस रांगेत काढले होते. पडद्यावर माझ्या नावापुढे 'रनिंग' उमटलं आणि आता चार दिवस आपलं काही काम नाही, अशा समाधानात मी पिशवी भरली.

घरी आई रव्याच्या लाडवांचा पाक करत होती. साखर विरघळून उकळी फुटल्यापासून ती गॅससमोरून हलली नाही. थेंब बशीत घ्यायचा, जरा निवू द्यायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं विलग करायची, तार येते का पाहायचं. पाक पुढे गेला तर लाडू दगड होतात, कच्चा राहिला तर वळलेले लाडू बसतात. पातेलं दर वर्षीचंच, प्रमाणही तेच, तरी त्या दिवशी पाकाला वेळ लागत होता. ती पाहत होती आणि पाहता पाहता आच कमी-जास्त करत होती. मी शेजारी बसून खोबरं खवत होते. त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

भाऊबीज करून परतले तेव्हा रन संपला होता. निकालाची पहिली फाइल उघडली, ठीक होती. दुसरी, तिसरी ठीक. पाचवीत गळ्यापाशी वेगाचे आकडे भलतेच वाढलेले. सहावीपासून शेवटच्या फाइलपर्यंत ओळीमागून ओळ एकच शब्द: नॅन. 'नॉट अ नंबर', म्हणजे हा अंकच नव्हे. शून्याला शून्याने भागण्यासारखं काही घडलं की संगणक ही खूण लिहितो. पुढे तिच्यात काहीही मिळवा, तिला कशानेही गुणा, उत्तर नॅनच येतं, आणि यंत्र कुरकुर न करता चालत राहतं. माझा रन पहिल्या दोन तासांतच बिघडला होता. उरलेले सत्तर तास 64 प्रोसेसर नॅनला गुणत बसले होते.

कारण शोधायला अर्धा दिवस लागला. 1928 साली कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी एक अट सांगून ठेवली आहे. जागेचे चौकोन आणि काळाचे टप्पे पाडून प्रवाहाचं गणित पायरीपायरीने पुढे न्यायचं असेल, तर एका टप्प्यात लाटेने साधारण एका चौकोनापलीकडे उडी मारता कामा नये. लाट किती चौकोन ओलांडते, याच्या मापाला कूरांट अंक म्हणतात. तो एकच्या वर गेला की बारीकशी चूक प्रत्येक टप्प्याला फुगत जाते. माझ्या नळीच्या गळ्याशी वायूचा वेग अपेक्षेपेक्षा वाढला आणि मी ठरवून दिलेला काळाचा टप्पा त्याला मोठा पडला. त्या क्षणी तो निम्मा केला असता तर रन वाचला असता. इनपुट फाइलमधला एक आकडा. पण तो चालत्या प्रोग्रामला सांगायचा कसा? माझ्या प्रोग्रामला कान नव्हते. सुरुवातीला त्याने फाइल वाचली आणि दार लावून घेतलं. हातात एकच गोष्ट होती, जॉब मारून टाकणं, आणि तेही करायला तिथे कुणी नव्हतं.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. नंतर कळलं की माझ्या आधी बरीच वर्षं तो अनेकांच्या मागे लागला होता.

गणित टाकून निघून जायची सवय फार जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 मध्ये सीडीसी 3600 हा संगणक आला, त्या काळात सगळीकडे रिवाज एकच होता. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा, पाळी येईल तेव्हा यंत्र तो वाचेल, छापलेले कागद मागाहून न्यायचे. यंत्र इतकं महाग की त्याने माणसासाठी थांबणं परवडणारं नव्हतं. थांबायचं माणसाने. कार्डं गेली, पडदे आले, एका प्रोसेसरच्या जागी हजारो आले, पण रांग तशीच राहिली. प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यापुढे उभा असलेला रसायनशास्त्रज्ञ रंग बदलताना पाहतो, वास घेतो, ज्योत खाली करतो. संगणकावर प्रयोग करणाऱ्याने मात्र भांडं ठेवून खोलीला कुलूप लावायचं आणि तीन दिवसांनी यायचं, हे आम्ही नियम म्हणून स्वीकारलं.

1987 मध्ये अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी ब्रूस मॅकॉर्मिक, थॉमस डिफँटी आणि मॅक्सीन ब्राउन यांनी एक अहवाल तयार केला. विषय होता वैज्ञानिक गणितातले आकडे चित्ररूपात पाहण्याचा, पण त्यात एक मागणी ठासून मांडली होती: शास्त्रज्ञाला गणित चालू असतानाच ते पाहता आलं पाहिजे आणि पाहता पाहता त्याची दिशा बदलता आली पाहिजे. या कामाला 'स्टीअरिंग' हा शब्द तिथून रुजला. मराठीत मला सुकाणू हाच शब्द जवळचा वाटतो. सुकाणूने होडीला बळ मिळत नाही, ते वाऱ्याचं आणि वल्ह्याचं काम. सुकाणू फक्त आधीच चालत असलेल्या होडीला वळवतं.

मग एकेक प्रयत्न सुरू झाले. युटा विद्यापीठात ख्रिस जॉन्सन आणि स्टीव्हन पार्कर यांनी 1990 च्या दशकात 'एससीआयरन' उभं केलं. छातीच्या पोकळीतून वीज कशी पसरते याचं गणित चालू असताना विजेच्या पट्ट्या इकडून तिकडे हलवून पाहायच्या, म्हणजे हृदयाला झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरची रचना सुधारता येईल, हा त्यामागचा एक हेतू. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत 'क्युम्युलस' तयार झालं. त्यात वेगवेगळ्या गावी बसलेली माणसं एकाच चालत्या रनला येऊन जोडली जायची, पाहायची, निघून जायची, आणि रन त्यांच्या येण्याजाण्याने अडायचा नाही. दोघांनी एकच आकडा एकाच वेळी बदलू नये म्हणून त्या आकड्याचा ताबा एका वेळी एकाकडेच.

मला सगळ्यांत शिकवून गेलं ते जर्मनीतल्या पोट्सडॅमजवळच्या मॅक्स प्लांक गुरुत्वीय भौतिकी संस्थेतलं 'कॅक्टस'. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात तेव्हा काय होतं, असली गणितं करण्याची ती चौकट. तिच्यातला एक भाग रनच्या आतच छोटा वेब सर्व्हर उघडायचा. आपल्या टेबलावरच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की रन कुठे पोहोचला ते दिसायचं आणि काही आकडे तिथूनच बदलता यायचे. 'काही' या शब्दात सगळं मर्म आहे. कॅक्टसमध्ये प्रत्येक आकड्याबद्दल प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच जाहीर करायचं असतं: हा केव्हाही बदलता येईल, हा रन थांबवून पुन्हा उठवतानाच बदलता येईल, हा कधीही बदलता येणार नाही. निकाल किती वेळाने लिहायचे, हे केव्हाही बदला. कृष्णविवराचं वस्तुमान मध्येच बदललं तर निसर्गात न घडणारी घटना तुम्ही घडवली. प्रयोग चालवणं आणि प्रयोग बिघडवणं यांच्यातली रेघ आधी आखून ठेवायला लावणारी ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

आता अवघड भागाकडे येते. एका प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रामला मध्येच काही सांगणं जड नाही. हजार प्रोसेसर असले की प्रत्येकाकडे जागेचा एकेक तुकडा असतो. माझी नळी 64 तुकड्यांत कापली होती. प्रत्येक प्रोसेसर आपला तुकडा एक टप्पा पुढे नेतो, कडेचे आकडे शेजाऱ्याला कळवतो, शेजाऱ्याचे घेतो, मग पुढचा टप्पा. सगळे एकाच क्षणी एकाच टप्प्यावर असतीलच असं नाही. कुणी जरा पुढे, कुणी मागे. अशात मी बाहेरून ओरडून सांगितलं की टप्पा निम्मा करा, आणि निम्म्या प्रोसेसरांनी ते पाच हजारव्या टप्प्याला ऐकलं, उरलेल्यांनी पाच हजार एकाव्याला, तर नळीच्या दोन भागांत काळ दोन गतींनी धावू लागेल. बिघाड पडद्यावर दिसणारही नाही, निकाल खरा वाटेल, आणि तो खोटा असेल.

गणपतीत पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा पथकापुढे उभं राहून हे पाहावं. ठेका बदलायचा असतो तेव्हा ताशावाला आधी इशारा देतो, आणि शंभर ढोल नेमक्या एका मात्रेला नव्या ठेक्यावर येतात. इशारा आणि बदल यांच्यात अंतर ठेवलेलं असतं, ते शेवटच्या रांगेतल्या ढोलापर्यंत इशारा पोहोचावा म्हणून. समांतर गणितातही नवा आकडा पाठवताना 'आत्ता' असं सांगून चालत नाही. 'अमुक क्रमांकाच्या टप्प्यापासून' असं सांगावं लागतं, आणि तो टप्पा पुरेसा पुढचा निवडावा लागतो.

पाहण्यातही हीच अडचण. हजार ठिकाणी विखुरलेल्या, सतत बदलणाऱ्या गोष्टीचं एका क्षणाचं चित्र घ्यायचं कसं? के. मणी चंडी आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1985 मध्ये यावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखला दिला आहे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी भरलेल्या आभाळाचा. आभाळ इतकं विशाल की एका फोटोत मावत नाही, अनेक फोटो काढून जोडावे लागतात, पक्षी तर थांबणार नाहीत, आणि तरी जोडलेल्या चित्रातून अर्थ निघाला पाहिजे. काम न थांबवता असं सुसंगत चित्र कसं मिळवायचं, याची रीत त्यांनी दाखवली.

इथे एक नाव येतं, ज्याचं आडनाव वाचताच मराठी वाचक थबकेल. लक्ष्मीकांत काळे. बनारस हिंदू विद्यापीठ, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मग अमेरिकेत पीएच.डी. करून ते 1985 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन इथल्या संगणकशास्त्र विभागात रुजू झाले. तिथल्या त्यांच्या समांतर प्रोग्रामिंग प्रयोगशाळेत 'चार्म प्लस प्लस' ही प्रणाली घडली. तिच्यावरचा पहिला मोठा निबंध 1993 चा. तिच्यामागची कल्पना मला इतकी आवडते की ती सावकाश सांगते.

नेहमीच्या रीतीत 64 प्रोसेसर असतील तर कामाचे 64 तुकडे करतात आणि प्रत्येकाला एक नेमून देतात. चार्ममध्ये प्रोसेसरांपेक्षा कितीतरी जास्त तुकडे करायचे आणि कुठला तुकडा कुठे बसेल ते प्रणालीवर सोडायचं. तुकडा स्वतःहून काही करत नाही. त्याच्या नावाची चिठ्ठी आली की जागा होतो, काम करतो, दुसऱ्यांना चिठ्ठ्या धाडतो आणि पुन्हा स्वस्थ. प्रत्येक प्रोसेसरवर जणू एक पोस्टमन आहे: थैलीतून चिठ्ठी काढायची, ज्याची त्याला द्यायची, पुन्हा थैलीत हात. एका तुकड्याची चिठ्ठी वाटेत अडकली तरी प्रोसेसर रिकामा बसत नाही, दुसऱ्या कुणाची तरी आलेलीच असते.

या रचनेत बाहेरच्या माणसाने काही विचारलं तर काय होतं? आणखी एक चिठ्ठी थैलीत पडते, एवढंच. चार्मचा प्रोग्राम सुरू करताना एक पर्याय दिला की तो आपला पत्ता आणि पोर्ट छापतो. घरच्या संगणकावरून तिथे निरोप पाठवायचा, तो आतल्या तुकड्यांच्या निरोपांसारखाच रांगेत लागतो, उत्तर मिळतं, गणित चालूच राहतं. चित्र हवं असेल तर प्रत्येक तुकडा आपल्या वाट्याच्या जागेचं चित्र देतो, ते सांधून एक प्रतिमा तयार होते आणि ती आपल्यापर्यंत येते. माझ्या प्रोग्रामला कान बसवायचे तर भिंत फोडावी लागली असती, कारण तो ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शेजाऱ्याचंच ऐकायला शिकला होता. इथे ऐकणं हाच प्रोग्रामचा स्वभाव आहे. ठेका नेमका कुठे बदलायचा, ही जबाबदारी मात्र इथेही प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच. चिठ्ठी सहज पोहोचते म्हणून ती सगळ्यांना एकाच टप्प्याला लागू होईल, असं कुणी समजू नये.

याच चार्मवर, त्याच विद्यापीठात, क्लाउस शुल्टेन यांच्या जैवभौतिकी गटाच्या साथीने 'नॅमडी' उभा राहिला. प्रथिनं, पेशींची पटलं, त्यांभोवतीचं पाणी यांच्यातला एकेक अणू क्षणाक्षणाला कुठे जातो, हे काढणारा प्रोग्राम. 2002 मध्ये त्याला गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला, आणि 2012 चा सिडनी फर्नबाख पुरस्कार काळे आणि शुल्टेन यांना मिळून दिला गेला. शुल्टेन 2016 मध्ये गेले. त्यांच्या गटाने 2001 मध्ये जे केलं त्याविषयी मी पहिल्यांदा वाचलं, त्या रात्री मला झोप आली नाही. चालत्या सिम्युलेशनमधला रेणू त्यांनी हातात धरला होता.

हे शब्दशः घ्यावं. टेबलावर एक छोटा यांत्रिक हात, त्याच्या टोकाला पेनासारखी मूठ, सांध्यांत मोटरी. मूठ हलवली की पडद्यावरचा टोकदार बाण हलतो. बाण एखाद्या अणूला टेकवून ओढलं की अणू आणि हात यांच्यात एक कल्पित स्प्रिंग ताणली जाते. तिचा जोर दूरच्या समांतर संगणकावर चाललेल्या नॅमडीकडे जातो, नॅमडी तो इतर हजारो अणूंच्या ओढाताणीत मिळवून पुढचा टप्पा काढतो, अणूंच्या नव्या जागा परत येतात, आणि स्प्रिंगचा ताण मोटरींमार्फत तळहाताला जाणवतो. अणू वाटेत अडला की हात अडतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेड ब्रुक्स यांनी अशा स्पर्शाचा ध्यास 1960 च्या दशकापासून घेतला होता. किरणोत्सर्गी पदार्थ लांबून हाताळायला बनवलेला यांत्रिक हात त्यांनी रेणू चाचपडण्यासाठी वापरला. पण तेव्हा रेणू बहुतांशी ताठ, एकेकटे होते. इथे अख्खं प्रथिन पाण्यात थरथरत होतं.

पॉल ग्रेसन, इमाद ताजखोर्शिद आणि शुल्टेन यांनी 2003 मध्ये या पद्धतीने ई. कोलाय जिवाणूच्या पटलातला एक दरवाजा तपासला. जीएलपीएफ असं त्या प्रथिनाचं नाव, ग्लिसरॉल आत घेणं हे त्याचं काम. हे प्रथिन पाणी वाहून नेणाऱ्या अॅक्वापोरिनांच्या कुळातलं, ज्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं. ग्लिसरॉल सुटतो आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा रेणू का अडतो? संशोधकांनी एकेक रेणू हाताने त्या बोगद्यातून ओढून पाहिला. कुठे वळवावा लागतो, कुठे चपखल बसतो, कुठे आजूबाजूचे पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांच्या जागा बळकावू पाहतात, हे हाताला कळलं. ग्लिसरॉल आत आल्यावर त्यावर पहिली प्रक्रिया करणारं ग्लिसरॉल कायनेज हे विकरही त्यांनी तपासलं. कामं वेगळी, बांधणी वेगळी, पण आपला रेणू ओळखायची रीत दोघांची सारखी निघाली.

इथे एक धोका आहे आणि तो त्या लोकांनी लपवला नाही. नॅमडीचा एक टप्पा सुमारे एका फेम्टोसेकंदाचा. एका सेकंदाचे एक कोटी भाग करा, आणि त्यातल्या एकाचे पुन्हा दहा कोटी, इतका तो लहान. संगणकाने सेकंदाला शंभर टप्पे काढले, तर माझा हात मिनिटभर हलतो तेव्हा रेणूंच्या जगात सहा हजार फेम्टोसेकंद जातात. म्हणजे जे अंतर रेणू निसर्गात निवांत भटकत कापेल, ते मी त्याला फरफटत नेऊन कापते. इतक्या घाईत लावलेला जोर बराचसा घर्षणात जातो. हाताला जाणवलेल्या प्रतिकाराला ऊर्जेचं माप म्हणता येत नाही. तो सुगावा असतो, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी त्याच गटाने 2002 मध्ये संथ, ठरलेल्या वेगाने पुन्हा पुन्हा ओढलेल्या रनांतून ग्लिसरॉलच्या वाटेवरच्या ऊर्जेचा आलेख काढला होता. हात आणि हिशेब, दोन्ही लागले.

ब्रिटनमधल्या 'रिअॅलिटीग्रिड' प्रकल्पात, पीटर कव्हनी यांच्या नेतृत्वाखाली, सुकाणूचा आणखी एक उपयोग पुढे आला: कुठला रन सोडून द्यायचा हे लवकर ओळखणं. तेल, पाणी आणि साबणासारखा एक पदार्थ मिसळला की काही प्रमाणांत त्यांची आपोआप एक सुंदर जाळी विणली जाते. तिचं नाव जायरॉइड. तो आकार अॅलन शोन यांनी 1970 मध्ये वर्णिला, आणि काही फुलपाखरांच्या पंखांतही तो सापडतो. पण कुठल्या प्रमाणात जाळी विणली जाईल हे आधी कळत नाही. शेकडो रन टाकून सगळे संपेपर्यंत थांबण्याऐवजी चालू रन पाहायचे. जिथे काही घडत नाही तो बंद करायचा. जिथे जाळी धरू लागली, तिथली स्थिती जशीच्या तशी साठवायची आणि त्या ठिकाणापासून दोन-तीन फांद्या फोडून वेगवेगळे आकडे लावून पाहायचे. 2003 च्या 'टेराजायरॉइड' प्रयोगात ब्रिटन आणि अमेरिकेतले महासंगणक जोडून 1,024 च्या घनाइतक्या, म्हणजे 107 कोटींहून अधिक बिंदूंच्या जाळ्यापर्यंत हे गणित नेलं. यातली मला भावणारी गोष्ट आकाराची नाही. साठवलेल्या प्रत्येक स्थितीची त्यांनी वंशावळ ठेवली: ही कुणापासून निघाली, कुठल्या टप्प्याला, काय बदलून. कुणालाही मागे जाऊन ती फांदी पुन्हा वाढवता यावी.

आपल्याकडे या विषयाला वेगळं वळण मिळालं, आणि ते परिस्थितीने दिलं. 25 मे 2009 रोजी आयला चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर सागर बेटाजवळ धडकलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रीती मलाकर, विजय नटराजन आणि सतीश वढियार यांनी या वादळाचं सिम्युलेशन घेऊन एक प्रश्न सोडवायला घेतला. गणित एका शहरातल्या महासंगणकावर चालतं, पाहणारा हवामानतज्ज्ञ दुसऱ्या शहरात. वादळाच्या डोळ्याभोवती बारीक जाळं लावायचं आणि ते डोळ्याबरोबर सरकवायचं, तर आकड्यांचा लोंढा सुरू होतो. मधली इंटरनेटची वाट अरुंद. निकाल निघण्याचा वेग जाण्याच्या वेगाहून जास्त, म्हणून डिस्क भरत जाते, आणि ती भरली की गणितच ठप्प. वादळ मात्र थांबत नाही.

त्यांची 2010 आणि 2011 मधली रचना या ओढाताणीकडे डोळे उघडे ठेवून पाहते. डिस्क किती उरली, वाट किती रुंद, याचा अंदाज घेत ती किती प्रोसेसर वापरायचे आणि निकाल किती वेळाने लिहायचे हे चालता चालता बदलते. तज्ज्ञाला मधूनच वाटलं की मला आणखी बारीक जाळं हवं, तर तो तसं सांगू शकतो. पण ते झेपणारं नसेल तर रचना ते तिथेच कळवते, आणि काय झेपेल ते सांगते. माणसाचं सुकाणू आणि यंत्राचं सुकाणू यांच्यातली ही बोलणी मला इतर कुठल्याही चकचकीत प्रात्यक्षिकापेक्षा जवळची वाटतात. सगळं मुबलक असताना सुकाणू धरणं सोपं. टंचाईत धरायचं तर आधी टंचाई मोजावी लागते.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) आवारात 2018 मध्ये 'प्रत्यूष' महासंगणक आला, 2024 मध्ये 'अर्का'. तिथल्या यंत्रांवर चालणाऱ्या रोजच्या अंदाजाच्या रनला मध्येच कुणी हात लावत नाही, आणि लावू नये. कालचा आणि आजचा अंदाज एकाच मापाने काढलेला असला पाहिजे, नाहीतर चूक कुठे झाली ते कळणार नाही. तिथे सुकाणू दुसऱ्या रूपात असतं. ठरावीक तासांनी उपग्रह, फुगे, जहाजं, वेधशाळा यांची ताजी निरीक्षणं प्रतिमानात मिसळली जातात आणि भरकटू लागलेलं गणित खऱ्या वातावरणाकडे ओढलं जातं. इथे सुकाणू आभाळाच्याच हातात असतं. शिवाय जून 2018 पासून 12 किलोमीटरच्या जाळ्यावर सुरुवातीला जरा जरा फरक ठेवून 21 रन एकत्र चालवायला सुरुवात झाली, म्हणजे एका रनच्या हट्टावर कुणी विसंबून राहू नये.

सुकाणूविरुद्धचा आक्षेप मला मनापासून पटतो. माणूस पाहतो तेव्हा त्याला हवं ते दिसावं अशी इच्छा धरूनच पाहतो. निकाल मनासारखा वळेना म्हणून आकडा हलवला, पुन्हा हलवला, आणि वळला तिथे थांबला, तर त्याने निसर्गाला विचारलं की स्वतःला? आणखी एक गोष्ट खर्चाची. माणूस विचार करत बसतो तेव्हा हजारो प्रोसेसर त्याच्यासाठी खोळंबतात. रांगेतला नंबर रात्री तीनला लागला तर सुकाणू धरायला कोण जागं असणार? म्हणूनच महासंगणक केंद्रं अशा कामाला सहसा नाखूश असतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

पण हळूहळू पाहण्याची सक्तीच होत आहे. 2022 मध्ये ओक रिजच्या 'फ्रंटियर'ने सेकंदाला दहा परार्ध गणिती क्रियांचा टप्पा ओलांडला. इतक्या वेगाने निघालेलं सगळं डिस्कवर लिहायला वेळ पुरत नाही. बहुतेक आकडे जन्मतात आणि पुसले जातात. मागाहून पाहू, ही सोय संपत चालली आहे. म्हणून 'पॅराव्ह्यू' आणि 'व्हिझिट'सारखे चित्रण-प्रोग्राम आता रनच्या आत जाऊन बसतात, आकडे स्मृतीत असतानाच पाहतात, आणि त्याच वाटेने माणसाला रन थांबवता, वळवता येतो.

साध्या माणसांच्या युक्त्याही आहेत, आणि मला त्या फार प्रिय आहेत. व्हिएन्नात घडलेला 'व्हास्प' हा पदार्थविज्ञानाचा प्रोग्राम मधूनमधून आपल्या फोल्डरमध्ये 'स्टॉपकार' नावाची फाइल आली आहे का ते पाहतो. आली असेल तर हातातलं काम नीट आवरून थांबतो. 'ओपनफोम' या प्रवाहगणिताच्या प्रोग्राममध्ये एका ओळीत मुभा दिली की तो चालता चालता आपली नियंत्रण-फाइल पुन्हा वाचतो. मुख्य प्रोसेसर फाइल बदलली का पाहतो, बाकीच्यांना कळवतो, आणि सगळे मिळून नवा आकडा घेतात. पथकातला ताशा तिथेही आहेच.

गेल्या वर्षी मी माझी जुनी नळी ओपनफोममध्ये पुन्हा मांडली. लॅपटॉपवर, आठ तुकड्यांत. अर्ध्या तासाने गळ्याशी वेग चढू लागला. प्रत्येक टप्प्याला लॉगमध्ये कूरांट अंकाची ओळ उमटत होती: 0.71, 0.78, 0.86. मी नियंत्रण-फाइल उघडली, काळाचा टप्पा निम्मा केला, सेव्ह केलं. 0.89. 0.91. मग फाइल पुन्हा वाचल्याची एक ओळ आली, आणि तिच्याखाली 0.46. मी वही ओढली आणि लिहून ठेवलं: तारीख, वेळ, टप्प्याचा क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा.